चार सेकंदांची ओळ

ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी ती सिनेमांखाली ओळी लिहायची. अकरा वर्षं हेच काम. संवाद सोपे, बोलले ते उतरवायचं. खरी गोची संगीताची. त्यासाठी ऑफिसात सतरा शब्दांची यादी होती: करुण संगीत, आनंदी संगीत, थरारक संगीत. जगातलं सगळं संगीत म्हणे त्यात बसतं! शिवाय नियम असा, की धून चार सेकंद वाजली तर ओळही चार सेकंदांत वाचून झाली पाहिजे. ओळ लांबली, तर तपासणारा विचारत बसत नसे. सरळ पुसून तिथे नुसतं 'संगीत' टाकत असे. ही शिस्त तिनेच लावलेली. नव्या मुलींना ती वर सुनावायचीही, "कादंबरी लिहायला बसलीयस का?"

तिचे वडील, अण्णा, सिनेमांसाठी व्हायोलिन वाजवायचे. दुसऱ्यांच्या चाली वाजवण्यात उमर गेली. स्वतःची म्हणावी अशी धून एकच, तीही एका पडेल सिनेमात, कापाकापीनंतर चार सेकंद उरलेली. पुढे तापाचं निमित्त झालं आणि दोन्ही कान गेले. आता लेक वहीत लिहायची आणि ते तोंडाने उत्तर द्यायचे.

एक दिवस नेमका तोच सिनेमा तिच्या टेबलावर आला. तिने वहीत लिहून सांगितलं, तेव्हा अण्णांचा घास हातातच राहिला.

"कशी होती गं ती? मला आता आठवतच नाही. तू लिही, मी पडद्यावर वाचीन."

झाली पंचाईत. आठवडाभर तिने ते चार सेकंद ऐकले. करुण म्हणावं, तर त्यात रड नव्हती. संथ म्हणावं, तर मधेच जीव खालीवर होत होता. शेवटी शब्द सापडले: 'हाक ओठांवर येते, पण मारवत नाही, अशा जागी थबकून थबकून वाजणारं एकटं व्हायोलिन.' वाचायला सात सेकंद. हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्यातला एक शब्द काढायला हात धजेना. आपल्या बापापुरता नियम वाकेल, अशी खुळी आशा धरून तिने ओळ तशीच पाठवली.

सिनेमा लागला त्या संध्याकाळी अण्णा चष्मा पुसून टीव्हीला नाक लावून बसले. तो प्रसंग आला. पडद्यावर उमटलं: 'संगीत'. चार सेकंदांनी गेलं.

अण्णा तिच्याकडे वळले.

"खोटं लिहिलं नाहीस, बरं केलंस," ते म्हणाले. "मलाही वाटायचंच, त्यात काही नव्हतं म्हणून."

तिने वही ओढली आणि ती अख्खी ओळ लिहून काढली. अण्णांनी दोनदा वाचली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"असू दे गं. माझी समजूत काढायला आता काहीबाही लिहू नकोस."