रोटाच्या पंगतीतला फोटो

आमच्या घरची कानबाई श्रावणात बसते. नारळाला नथ, गळसरी, साडी घालून देवी मांडतात आणि तिच्या नावाने गव्हाच्या जाड पोळ्यांसारखे जे रोट होतात ते फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला तुकडा द्यायचा नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात ओतून वर माती लोटायची. जावई कितीही लाडका असला तरी त्या पंगतीच्या वेळी त्याने बाहेर ओट्यावर बसायचं. इतकं आमच्याकडे कडक असताना घराण्यातला सगळ्यात मोठ्या पदावरचा माणूस मात्र वर्षानुवर्षं ड्रायव्हर पाठवून आपला रोट स्टीलच्या डब्यात मागवत होता आणि कोणी चकार शब्द काढत नव्हतं. वाटेत ड्रायव्हरने त्यातला तुकडा मोडला नसेल, याची हमी मी तरी देणार नाही.

तर त्या वर्षी गावाहून निरोप आला, भाऊ स्वतः रोटाला येणार आहे.

भाऊ म्हणजे माझ्या चुलत आजोबांचा नातू. अख्खा तालुका त्याला भाऊ म्हणतो. माझ्यापुरतं ते नातं खरं आहे, आणि दुःख तेच आहे.

मी पारोळ्याजवळच्या आमच्या गावातून जळगावला आलो आणि विहिरीवरच्या जुन्या मोटरी घेऊन, त्यांचं वाइंडिंग करून विकत मोठा झालो. पिंप्राळ्यात माझं दुकान आहे. मला कोणी काही दिलं नाही. भाव करताना मी समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. खरंच निघालेल्या माणसाचे पाय आणि निघाल्याचं सोंग करणाऱ्याचे पाय वेगळे असतात. एवढं कळणारा माणूस मी, पण भाऊच्या निवडणुकीत त्याच्या पायांकडे बघायचं राहिलं. माझ्या दोन्ही गाड्या प्रचाराला दिल्या, पार एरंडोलपर्यंत गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन सांगितलं, आपला माणूस आहे, पाणी आणेल.

पाण्याची योजना आली. टाकी उभी राहिली, तिच्यावर भाऊचं नाव माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरात रंगवलं. नळाला पाणी आलं आणि उन्हाळा लागायच्या आत मोटर जळाली. गावाने मला बोलावलं. मोटर वर ओढली, नवा निळा रंग खरवडला आणि तळाशी माझीच खूण दिसली. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक मोटरीच्या तळाला मी पंचने तीन ठिपके मारतो, म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्याची मोटर आणून माझ्याशी भांडणार नाही. ही मोटर तर मी भंगारात काढली होती, भंगाराच्या भावाने. सरकारने ती नवी म्हणून घेतली होती.

त्याच दिवशी मी धुळ्याला भाऊच्या बंगल्यावर गेलो. बाहेर चपलांचा ढीग, आत सोफ्यावर माणसं, त्यांच्या मागे उभी माणसं. मला लगेच आत घेतलं, घरचा ना. मी सांगितलं, "भाऊ, आपल्या गावाच्या विहिरीत जुनी मोटर उतरवली आहे. आपल्या गावात हे, तर बाकीच्या गावांत काय असेल?"

तो हसला. माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाला, "किती म्हणतोस?"

मला आधी कळलंच नाही.

"सांग ना. तू काय उगाच इतक्या लांब येणारा माणूस नाहीस."

माझ्या उभ्या आयुष्यात मी एकदाच, फक्त एकदाच, भाव मनात न धरता कोणाच्या दारात गेलो होतो, आणि त्याने मला भाव विचारला. मागे उभे असलेले लोक हसले. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही, विसरणारही नाही. मी उठलो. तो माझ्या पायांकडे बघत होता. मी सोंग करतोय असं त्याला वाटलं असणार.

पुढे प्रकरण फुटलं ते माझ्यामुळे नाही. दुसऱ्या तालुक्यात कोणीतरी पाइपलाइन खोदून बघितली तर खाली पाइपच नव्हता, नुसता चर बुजवलेला. मग पेपर, मग टीव्ही, मग चौकशी. चौकशीवाले आमच्या गावात आले तेव्हा मोटरीबद्दल बोलायला एकच माणूस तयार होता. मी जबाब दिला. मोटर माझ्या हातून गेलेली आहे, जुनी आहे, असं सही करून दिलं.

मला वाटलं होतं, लोक आता भाऊला पायरीवर उभं करणार नाहीत. तालुक्यातल्या बायका टँकरमागे घागरी घेऊन धावत होत्या, रंग मारलेल्या टाकीच्या सावलीत नंबर लावत होत्या. आणि गावाच्या चावडीवर माझ्याच चुलत्याने मला ऐकवलं, "बठ्ठाच खातस रे भो. हाऊ आपला शे." सगळेच खातात, हा निदान आपला आहे! मी म्हटलं, काका, तुमच्या तोंडचं पाणी खाल्लं त्याने. तर म्हणे, "दुसरा काय पाणी पाजनार व्हता का?" याला लोक विश्वास म्हणतात. आपला माणूस चोर नाही असा विश्वास नव्हे. चोर आपला आहे, हा विश्वास. त्याच्यावर उभा तालुका गाढ झोपतो.

जळगावात शिकलेले लोक तर आणखी पुढचे. माझ्या दुकानासमोर बसून पेपर वाचणारे निवृत्त मास्तर म्हणाले, "यात पक्षांतर्गत राजकारण दिसतंय." मोटर जळाली, त्यातही पक्षांतर्गत राजकारण!

अशात भाऊने रोटाला यायचं ठरवलं. त्याला देवी आठवली नव्हती. त्याच्याविरुद्ध सही करून बोललेला त्याच्या घरातला एकच माणूस होता, आणि तो माणूस त्याच्या पंगतीत जेवताना दिसला की झालं. घरचा वाद होता, मिटला. जबाबाची किंमत शून्य. मी दुकानदार आहे, मला कोणी हे समजावून सांगायची गरज नव्हती.

रोटाच्या गव्हाची आमच्याकडे रीत आहे. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ घालतात, आणि त्याच गव्हाचे रोट होतात. आमच्यात सगळ्यांत वडील आबा. ते नाव घेतात आणि मूठ टाकतात. मी आदल्या आठवड्यात मुद्दाम गावाला गेलो आणि म्हटलं, "आबा, या वर्षी भाऊची मूठ घालू नका."

आबा सुपासमोर बसले होते. त्यांनी वर पाहिलंही नाही. "मेला का तो?"

"नाही."

"मग? जित्या माणसाची मूठ मी कशी तोडू?"

"त्याने गावाचं पाणी खाल्लं, आबा."

"ते तू सरकारला सांगितलंस ना? सरकार बघेल. इथं कानबाईचं चाललंय." आणि त्यांनी भाऊचं नाव घेऊन मूठ टाकली. त्यानंतर माझं नाव घेतलं आणि माझीही टाकली, त्याच सुपात.

आबांची बायको, जिला सगळं घर अक्का म्हणतं, ती दारातून म्हणाली, "अन् तू नाही आलास तर लोक म्हणतील, यालेच भ्याव वाटनं." मला भीती वाटली म्हणतील! मी तिथेच ठरवलं. यायचं, रोट खायचा, पण फोटो होऊ द्यायचा नाही. रोट माझा हक्क आहे. त्याच्यामुळे तो का सोडू?

रविवारी भाऊ आला. पांढरे कपडे, कपाळाला लांब गंध, मागे पाच-सहा माणसं आणि एक फोटोग्राफर, गळ्यात मोठा कॅमेरा. वाकून आबांच्या पाया पडला, अक्काच्या पडला, आणि माझ्याकडे वळून दोन्ही हात पसरले. कॅमेरा वर आला.

मी हात मागे घेतले आणि म्हटलं, "भाऊ, आधी सांग, हा कॅमेरावाला आपल्या कुळाचा आहे का?"

"अरे, आपलाच पोरगा आहे."

"कुळाचा आहे का?"

"किती ताणतोस रे?" तो हसत म्हणाला. "दोन फोटो काढेल आणि जाईल."

"एकही नाही."

"बरं, देवीचा एक. आपण सगळे मागे उभे."

"देवीचा काढ. मागे कोणी नको."

मी आयुष्यभर घासाघीस केली, पण असं चिवट गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. दर वाक्याला तो थोडा खाली यायचा आणि दर वाक्याला पुन्हा तिथेच असायचा. पंगत खोळंबली होती. गिलक्याची भाजी, खीर, सगळं वाढून तयार. शेवटी मी आबांकडे वळलो. "आबा, तुम्हीच सांगा. रोटाच्या पंगतीत परका चालतो का?"

इथे आबांना पळवाट नव्हती. आदल्या आठवड्यात त्यांनी ज्या रीतीच्या नावाने माझं तोंड बंद केलं, तीच रीत मी त्यांच्यापुढे ठेवली होती. "परका नको," ते म्हणाले. "भाऊ, तुझी माणसं बाहेर पाठव."

कॅमेरा बाहेर गेला, बरोबरची माणसं बाहेर गेली. दार लोटलं गेलं. भाऊ निमूटपणे मांडी घालून बसला, तो नेमका माझ्या शेजारी. मी पाट सरकवला नाही. मला वाटलं, जिंकलो. आता खा म्हणावं माझ्या शेजारी बसून, कोण बघतंय?

पहिला घास तोंडात घातला आणि समोरच्या ओळीतून माझा पुतण्या उठला. खिशातून मोबाईल काढला. "भाऊकाका, इकडे!" त्याच्यामागे दुसरा उठला, जळगावात इंजिनिअरिंग शिकवणारा. मग ज्याने माझ्याकडून जुनी मोटर उधारीवर नेली होती तो. चावडीवरचा चुलता तर भाऊच्या खांद्यावर हात टाकून, उष्ट्या तोंडाने, मोबाईल लांब धरून हसत होता. सगळे कुळातले. सगळ्यांच्या नावाच्या मुठी त्याच सुपात. परका एकही नव्हता.

मला निघून जाता आलं नाही. रोटाची पंगत अर्धी टाकून कोणी दाराबाहेर जात नाही. तोंडात घास होता, तो गिळेपर्यंत माझे किती फोटो निघाले देव जाणे. भाऊने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याची गरजच नव्हती. तो शांतपणे खिरीत रोट कुस्करत होता.

संध्याकाळपर्यंत तो फोटो जिल्हाभर फिरला. खाली लिहिलेलं, भाऊबंद भाऊंच्या पाठीशी. माझा गाल घासाने फुगलेला, म्हणजे मी हसतोय असंच वाटावं.

महिन्याच्या आत चौकशी अधिकाऱ्याने मला धुळ्याला बोलावलं. सभ्य माणूस होता, तरुण. त्याने टेबलावर मोबाईल ठेवला, त्यात तो फोटो. "तुमचं मिटलेलं दिसतंय. जबाब मागे घ्यायचा असेल तर आज घेऊन टाका. नंतर तुम्हालाच त्रास."

"मिटलं नाही," मी म्हटलं. "आणि हा फोटो खोटाही नाही. मी जेवलो."

"मग?"

"मग काय? तो माझा भाऊबंद आहे, हे लिहा. मी त्याच्या शेजारी बसून जेवलो, हेही लिहा. आणि मोटर जुनी आहे, हे पुन्हा लिहा."

तो म्हणाला, "असं लिहिलं तर समोरचा वकील तुमच्या जबाबाच्या चिंध्या करेल."

"करू द्या. पण लिहा."

त्याने लिहिलं. मी वाचून सही केली. तो जबाब पुढे किती टिकेल, मला माहीत नाही. चौकशी अजून चालू आहे, असं म्हणतात. चालू असलेली चौकशी मी दुरून ओळखतो, तिचेही पाय जागच्या जागी हलत असतात.

बाहेर बसस्टँडजवळ चहा घेत उभा होतो. शेजारच्या बाकावर दोघे जण मोबाईल बघत होते. एक म्हणाला, "बघ, ज्याने तक्रार केली तोच शेजारी बसून जेवतोय. काही झालंच नसेल. उगाच बदनामी."

माझं डोकं फिरलं. मी ग्लास आदळला आणि म्हटलं, "तो मीच आहे. मोटर जुनी होती. मी डोळ्यांनी बघितली."

त्याने माझ्याकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. चेहरा जुळला तसा तो आदराने थोडा बाजूला सरकला आणि मला बसायला जागा करून दिली.

"म्हणजे तुम्ही भाऊंच्या घरचे!" तो म्हणाला. "बसा ना नाना. माझ्या भाच्याची बदली अडकली आहे. भाऊंच्या कानावर घालाल का?"