काकूचं पोट

आमची काकू दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची आणि घरी आल्यावर सासूचे टोमणे, काकांचा तिरसटपणा, सगळं मुकाट पोटात घालायची. पोटात कळा यायला लागल्या तेव्हा काका म्हणाले, "गॅस असेल, नाटकं नकोत."

नाटकं म्हणे! अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता. डॉक्टरांनी पोट उघडून धुतलं, उरलासुरला पू बाहेर यायला नळी ठेवली आणि सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केलं.

काकू शुद्धीवर आली तेव्हा काका कॉटपाशी उभे होते. "चुकलं माझं. एवढं पोटात घाल."

काकूनं नळीच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "सगळी घाण आत्ता कुठं बाहेर निघतेय," ती म्हणाली. "आता तुमचं काहीएक आत जाणार नाही."