फोनवरचे सातवे मत

मिस्त्रींना त्या इमारतीत कोणी नावाने हाक मारीत नसे. एकतीस वर्षे लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवून ते निवृत्त झाले, मुलाने घेतलेल्या सहाव्या मजल्यावरच्या घरात राहायला आले, आणि कामावरचे संबोधन त्यांच्यामागोमाग तिथेही येऊन पोहोचले. नोकरीत तीन वेळा त्यांना मुकादमी देऊ केली होती. तिन्ही वेळा त्यांनी हात जोडले. चार माणसांवर हुकूम चालवणे आपल्याला जमायचे नाही, एवढेच सांगितले. असा माणूस उतारवयात गृहसंस्थेच्या कार्यकारिणीच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा सुनेने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना, हे पाहिले होते.

कारण गच्चीवर होते. महिन्यापूर्वी पाण्याच्या टाकीसाठी प्लंबर वर गेला, त्याच्याबरोबर मिस्त्रीही गेले. लिफ्टच्या यंत्रखोलीचे दार उघडे राहिले होते. लिफ्ट रिकामी थांबली आहे अशी खात्री करून त्यांनी खटका बंद केला आणि एक फडका पोलादी दोराभोवती धरून सावकाश ओढला. धडधाकट दोरावरून फडका विनासायास सरकतो. इथे तो वीतभर अंतरात पाच ठिकाणी अडकला. चारांपैकी दोन दोरांच्या तारा तुटून बाहेर आल्या होत्या.

त्यांनी सचिवांना सांगितले. सचिव विम्याचे काम करीत. नऊ वर्षे ते पद त्यांच्याकडे होते, आणि माणूस वाईट नव्हता. देखभाल कंपनीच्या कारागिराने दोनच महिन्यांपूर्वी सर्व काही ठीक असल्याचे लिहून दिले आहे. नवे दोर यायला तीन आठवडे लागतील. सातव्या मजल्यावर दोन आजारी वृद्ध आहेत. तेव्हा दोर मागवू आणि तोवर लिफ्ट चालू ठेवू, असे त्यांचे म्हणणे. मिस्त्रींचे म्हणणे एवढेच, की आज बंद करा. दोर मागवण्याचे पत्रही पुढे निवडणुकीच्या धामधुमीत राहून गेले. यंत्रखोलीची किल्ली आणि लिफ्ट बंद करण्याचा अधिकार नियमाने सचिवाकडे होता. म्हणून मिस्त्रींना सचिव व्हायचे होते.

निवडणुकीत त्यांना सर्वांत जास्त मते पडली, आणि जिन्यात लोक त्यांना सचिवसाहेब म्हणू लागले. ते घाईचे होते. रहिवासी निवडतात ते सात सभासद. त्यांतला अध्यक्ष कोण, सचिव कोण, खजिनदार कोण, हे ते सात जण पहिल्या बैठकीत आपापसांत ठरवतात. बहुतेकांना हे ठाऊक नव्हते. त्या सातांत पुन्हा निवडून आलेल्या जुन्या सचिवांना, विमावाल्यांना, ते ठाऊक होते, आणि तो आठवडा त्यांनी घरोघरी चहा पिण्यात घालवला.

रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या कचेरीत सहा जण जमले. सातवे, मंडपवाले, कामासाठी परगावी होते. निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे सर म्हणत, एकमताने अध्यक्ष झाले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खजिनदारी पत्करली. सचिवपदासाठी दोन नावे आली, मिस्त्रींचे आणि विमावाल्यांचे. छापखानेवाल्यांनी एका कागदाच्या सहा सारख्या चिठ्ठ्या फाडल्या. सरांनी त्या मोजल्या, उलगडल्या, पुन्हा मोजल्या. तीन आणि तीन.

मंडपवाल्यांना फोन लावा, असे कोणीतरी सुचवले. फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. पलीकडे हातोड्याचे ठोके चालले होते.

“माझं मिस्त्रींना द्या,” मंडपवाले म्हणाले. “फक्त लिफ्ट बंद करायच्या आधी माझा सोफा वर चढवून घ्या म्हणावं.”

सगळे हसले, विमावालेही हसले. चार विरुद्ध तीन. सरांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली.

मिस्त्रींच्या मांडीवर नियमांची पुस्तिका होती. आठवडाभरात ती त्यांनी यंत्राचा आराखडा वाचावा तशी तीनदा वाचली होती. सर्वसाधारण सभेत गैरहजर रहिवाशाला दुसऱ्याकरवी मत देता येत असे. कार्यकारिणीत मात्र हजर असलेल्यानेच मत द्यायचे, आणि समसमान झाल्यास अध्यक्षांचे मत निर्णायक. वर्षानुवर्षे पदे एकमताने वाटली गेल्याने दोन्ही नियमांची सर्वांच्या डोक्यात सरमिसळ झाली होती. गप्प बसले तर अर्ध्या तासात किल्ली त्यांच्या हातात पडणार होती.

ते गप्प बसले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती. पण त्यांनी मनात हिशेब केला. डॉक्टरीणबाई आणि छापखानेवाले उघडपणे विमावाल्यांचे, त्यांचे स्वतःचे धरून तीन. आपल्याकडे आपले स्वतःचे आणि सहाव्या सभासद, शिकवणीवाल्या बाई, यांचे. म्हणजे तिसरी चिठ्ठी सरांचीच. फोनवरचे मत गेले तरी निर्णायक मत सरांचे आहे.

“सर, हे मत धरता येणार नाही,” ते म्हणाले, आणि कलम वाचून दाखवले.

विमावाल्यांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की जणू ते पहिल्यांदाच दिसत होते. नियम सर्वांनी मान्य केला. आता सरांनी बोलायचे होते, आणि या वेळी चिठ्ठी नव्हती. विमावाले त्यांच्या कोपराला कोपर लावून बसले होते. गेल्या वर्षी सरांच्या पत्नीच्या आजारपणात इस्पितळाची सगळी कागदपत्रे त्यांनीच फिरवली होती. सरांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

“कामाचा अनुभव बघता,” ते टेबलाकडे पाहत म्हणाले, “माझं मत विमावाल्यांना.”

घरी आल्यावर मिस्त्रींनी सुनेला सगळे सांगितले. तिला सातवा महिना होता. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. मिस्त्री नको म्हणत असतानाही, सहा मजले चढवत नाहीत म्हणून, ती रोज दोन वेळा लिफ्टने जाई-येई.

“कुणी विचारलं होतं का तुम्हाला, बाबा?”

मिस्त्री म्हणाले, की चुकीच्या मतावर निवडून आलो असतो, तर उद्या कोणीही तेवढ्यावरून लिफ्ट पुन्हा सुरू केली असती.

“तोवर दोर बदलून झाले असते. आणि खरं सांगा, सर तुमचेच आहेत अशी खात्री नसती, तर बोलला असता?”

मिस्त्रींनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. पदराला खार लावून घेणारा प्रामाणिकपणा आणि खार लागणार नाही असे धरून चाललेला प्रामाणिकपणा बाहेरून सारखेच दिसतात. स्वतः मिस्त्रींनाही त्या दिवशी ते वेगळे ओळखता आले नाहीत.

सोमवारी सून जिन्याने उतरली. संध्याकाळी चढताना चौथ्या मजल्यावर पायरीवर बसली. मिस्त्री तिची पिशवी घेऊन दोन पायऱ्या खाली उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्यांनी विचारले, तर ती म्हणे, “बाबा म्हणतात, दोर गेलाय.” यापलीकडे एक शब्द नाही. लिफ्टच्या कामात जन्म घालवलेला माणूस स्वतःची गरोदर सून लिफ्टमध्ये बसवत नाही, ही बातमी मजल्यामजल्यावर पसरली. बुधवारपर्यंत जिन्यात गर्दी झाली. सातव्या मजल्यावरच्या एका वृद्धाच्या मुलाने मिस्त्रींना गाठून सुनावले, की निवडून आला नाहीत तरी सचिवगिरी चालूच आहे तुमची. माझ्या वडिलांना तपासायला येणारे डॉक्टर आता लिफ्टमध्ये बसत नाहीत आणि सात मजले चढायलाही तयार नाहीत. मिस्त्रींनी ऐकून घेतले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

गुरुवारी संध्याकाळी विमावाले दारात आले. श्वास लागला होता. तेही जिन्याने आले होते.

“एक सांगा,” ते खुर्चीत टेकत म्हणाले. “दोर अजून किती दिवस टिकेल?”

“ते मला सांगता येत नाही. म्हणून तर बंद करा म्हणतोय.”

“तीन आठवडेही टिकेल?”

“टिकेल. आज रात्री तुटेल. दोन्ही खरं.”

“कंपनीवाला म्हणतो, ठीक आहे. तुम्ही म्हणता, नाही. मी कुणाचं ऐकू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मिस्त्री.”

“वर चला. फडका तुमच्या हाताने फिरवा.”

दोघे गच्चीवर गेले. विमावाल्यांनी कुलूप काढले. मिस्त्रींनी लिफ्ट रिकामी तळाशी आणवली, खटका पाडला, आणि फडका त्यांच्या हातात देऊन बाजूला झाले. पहिल्या दोन दोरांवरून तो सरळ गेला. तिसऱ्यावर अडकला. विमावाल्यांनी तो सोडवला, पुन्हा ओढला, पुन्हा अडकला. एका तारेचे टोक त्यांच्या बोटात शिरले. त्यांनी बोट तोंडात धरले.

खटका त्यांनी पुन्हा वर केला नाही. दाराला कुलूप लावून ते सातव्या मजल्यावर सांगायला निघाले. मिस्त्रीही त्यांच्यामागून उतरले. तीन आठवडे त्या दोन घरांत दूध, औषध आणि डॉक्टर कोण पोहोचवणार, याचा जाब आता दोघांनाही द्यायचा होता.