खुरासणीचं कच्चं तेल

मी चौथी शिकले. माझी मुलगी सातपूरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत बियांच्या तेलापासून प्लास्टिक करायची. सोयाबीनचं जमलं होतं. पण तिला ते माझ्या माहेरच्या खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, करायचं होतं. सुरगाण्याच्या डोंगरावर नागली आणि खुरासणी, दुसरं पिकतं काय? त्याला गिऱ्हाईक मिळावं, एवढंच तिच्या डोक्यात.

"आई, मामाकडून घाण्याचं तेल आण," म्हणाली. आणलं. पण आमच्यात लेकीला कच्चं तेल देत नाहीत. धूर येईपर्यंत तापवायचं, निववायचं, गाळायचं, मग बरणी भरायची. मी दर खेपेला तसंच दिलं. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तिचं प्लास्टिक काही धरेना. नुसता चिकट गोळा. वर्षभर तेच.

"माझ्याच हाताला यश नाही गं."

"मग सोड की. सोयाबीन कुठं पळून चाललंय?" मी म्हणायचे.

एकदा मटार सोलता सोलता तिनं समजावलं. तेलाच्या कणाला जोडायच्या जागा असतात. औषधं घालून त्या जाग्या करायच्या, मग कण एकमेकांना धरतात. "तेल फार तापलं तर त्या जागा आधीच खर्च होतात. पण आपलं तर कच्चंच आहे."

कढई समोरच पालथी होती. मी बोलले नाही. म्हटलं, पुढच्या वेळी कच्चं देऊ, आपोआप जमेल. उगाच बोलणी कोण खाणार?

पुढची वेळ आलीच नाही. तिला कावीळ झाली आणि बारा दिवसांत पोर गेली. दवाखान्यात म्हणाली, "मामाला सांग, खुरासणी नाही जमली माझ्याकडून." तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

नंतर तिच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला मी कच्च्या तेलाची बरणी नेऊन दिली. महिन्याभरात ती प्लास्टिकची पिवळसर पट्टी घेऊन घरी आली.

"काकू, जमलं! तिच्या वेळी का जमत नव्हतं, कळत नाही."

"मी तापवून द्यायचे."

तिनं पट्टी खाली ठेवली. "तिला माहीत होतं?"

"नाही."

चहा तसाच टाकून ती गेली. मी थांबवलं नाही.

पट्टी माझ्याकडे आहे. वाकवली की वाकते, सोडली की सरळ होते. तुटत नाही. मी तोडून पाहिली.