तीन खोल्या आणि चौघांचा अबोला

चष्म्याच्या दुकानात काच घासता घासता ती गिऱ्हाइकाला विचारायची, "पण डावाच डोळा का बिघडला हो तुमचा?" गिऱ्हाईक बिचारं चष्मा न्यायला आलेलं, त्याला काय ठाऊक! मालक तिला 'का-बाई' म्हणत. लहानपणी तिच्या साऱ्या 'का'ची उत्तरं थोरली बहीण द्यायची, बहुतेक ठोकून दिलेली.

पन्नाशीला टेकल्यावर का-बाईने विद्यापीठात गणिताला नाव घातलं. आकडेमोड असेल म्हणून गेली, तर तिथे आकडे नावालाच. ठिपके जोडायचे, चौकोन फिरवायचे. चौकोनी फडकं उचलून पुन्हा त्याच जागी किती रीतींनी बसवता येतं? आठ. नववी रीत का नाही, म्हणून एक अख्खी सकाळ ती काउंटरवर फडकं उलटसुलट करत बसली आणि गिऱ्हाइकं ताटकळली.

ताईला मात्र हे रुचलं नाही. "या वयात शिकून काय दिवे लावणार आहेस?" ती चारचौघांत म्हणाली. का-बाईने त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं, ताईनेही टाकलं. त्यांच्या घरात अबोला हौसेने सांभाळतात.

अशात बाबा म्हणाले, "यंदा माझ्या वाढदिवसाला सगळी माणसं इथे जेवू देत. कुणाला गाळू नकोस. स्वतःलाही." बाबांनी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हे मागितलं तेही खाली बघून. घरात स्वयंपाकघर धरून खोल्या तीन, आणि नातलग असे की नको ते माणूस खोलीत दिसलं तर भरल्या ताटावरून उठतील.

नेमकं त्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं: ठिपक्यांना रंग द्यायचे, पण रेघेच्या दोन्ही टोकांना एकच रंग नको. कमीत कमी किती रंग लागतील? तिने एका रिकाम्या खोक्याच्या पाठीवर माणसांचे ठिपके काढले, भांडणांच्या रेघा ओढल्या. रंग म्हणजे खोल्या. भाचरं, चुलत भावंडं झकास बसली. पण एक ठिपका कोरा राहायचाच. कधी काका, कधी आत्या, कधी ताई. माणूस बदलायचं, राहणं काही चुकत नव्हतं. का? तिला भलतीच मजा वाटू लागली.

मग दिसलं. काका, आत्या, ताई आणि ती स्वतः: या चौघांत कुणाचंच कुणाशी बोलणं नव्हतं. चौघांना चार खोल्या हव्यात. कुणी कितीही डोकं लढवलं तरी तीनमध्ये बसणार नाहीत.

"बाबा, सिद्ध झालं!" ती ओरडली.

"जमतंय जेवण?"

"नाही. जमूच शकत नाही, हे सिद्ध झालं."

बाबा "बरं" म्हणाले आणि उठून आत गेले. तिला स्वतःची लाज वाटली.

ती पुन्हा खोक्यापाशी बसली. चौघांतली एक रेघ पुसली गेली तरी पुरत होतं. काका आणि आत्या यांच्यात विस्तव जात नव्हता, ताईचंही त्या दोघांशी वाकडं; त्या रेघा तिच्या हातच्या नव्हत्या. हातच्या होत्या त्या स्वतःच्या तीन. तिने काकांना फोन लावला, त्यांनी आवाज ओळखून ठेवून दिला. आत्याने उचललाच नाही. उरली ताई. का-बाईने तिचा नंबर फिरवला.

"ताई, मी बोलतेय."

तिने घाईघाईने बाबांची इच्छा, खोल्या, ठिपके, सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे गणित अडलं म्हणून फोन केलास?" ताई म्हणाली.

"हो," ती म्हणाली. "आणि नवीन काही कळलं की पळत येऊन सांगावं असं माझं दुसरं कोण आहे गं?"

पलीकडे फोन खडखडला. फोन ठेवते की काय, असं का-बाईला वाटलं.

"ते चौघांचं नीट सांग," ताई म्हणाली. "तीन खोल्यांत का नाही बसत?"

जन्मात पहिल्यांदा ताईने तिला 'का' विचारलं होतं. डोळे पुसत तिने खुर्ची ओढली आणि पहिल्या ठिपक्यापासून सांगायला घेतलं.