तांब्याचं पक्कं बिल

पहाटे पाचला ती दुकानाचं शटर वर करायची. पूर्वी सातला करायची. मधले दोन तास गेल्या वर्षीच्या कराने खाल्ले होते.

दुकान मोटर वायंडिंगचं. जळालेली मोटर उघडायची, काळं पडलेलं तांबं उपसायचं आणि नवी तार तितक्याच वेढ्यांनी भरायची. हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. त्यांच्या थोरल्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ट्रकचं स्टेअरिंग प्यारं होतं आणि धाकट्याला, म्हणजे दिराला, गिऱ्हाइकांशी गप्पा. सासऱ्यांच्या मागे दुकान दोघांचं झालं. हात वहिनीचे, तोंड दिराचं.

गेल्या वर्षी तोंडाने घात केला. तारेचा व्यापारी बिल नको म्हटलं की भाव उतरवायचा, म्हणून दिराने वर्षभर बिनबिलाचं तांबं उचललं. वर्ष संपल्यावर दोघं करसल्लागाराकडे गेले, तर कमाई सगळी बँकेत दिसत होती आणि तांब्याचा खर्च कुठेच नव्हता. जणू तार आभाळातून पडत होती. तारेत गेलेला पैसाही नफा धरला गेला. त्यावर कर, करावर उशिराचं व्याज. ते भरायला कॉइल गुंडाळायचं मशीन विकावं लागलं. टेम्पोत चढवताना दीरच सगळ्यात मोठ्याने सूचना देत होता.

तेव्हापासून ती हाताने गुंडाळत होती. बघणाऱ्याला हे काम सोपं वाटतं. तार सैल धरली तर वेढे बसत नाहीत. जास्त ताणली तर तिच्यावरचा लेप तडकतो आणि मोटर पुन्हा जळते. लक्ष जरा हललं की मोजणी चुकते, मग सगळं सोडून पहिल्यापासून. तिच्या बोटांना चिरा पडल्या. तिने चिकटपट्टी लावली, काम थांबवलं नाही. मशीन याच वर्षी परत आणायचं, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

नवं वर्ष लागताच तिने दुकानात जाहीर केलं. यापुढे पक्क्या बिलाशिवाय तांबं नाही, आणि प्रत्येक मोटरीच्या पैशातला कराचा वाटा हातात येईल त्याच दिवशी बँकेतल्या वेगळ्या खात्यात. दीर हसला. वर्ष संपायला अजून जन्म पडलाय, म्हणाला, कमाईचा पत्ता नाही आणि कराची तयारी, बाजारात तुरी अशातली गत. ती दाताने चिकटपट्टी तोडत होती.

तिसऱ्या महिन्यात ती कामाच्या कपड्यांतच करसल्लागाराकडे गेली. नोटीस आली का, त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर तो गोंधळला. सगळे वर्षअखेरीला येतात, आत्ता येऊन काय उपयोग, म्हणाला. ती खुर्चीवरून हलली नाही.

"मोटर जळायच्या आधी तापते," ती म्हणाली. "तेव्हा हात लावून बघितलं तर वाचते. माझ्याकडे लोक जळाल्यावर येतात आणि बैल गेल्यावर झोपा बांधल्याचे पैसे मोजतात. तुमच्याकडे मी तसं एकदा मोजलेत. आता तापल्यावर सांगा."

त्याने समोरचं काम बाजूला ठेवलं आणि नीट समजावलं. कर वर्षाच्या आतच हप्त्याहप्त्याने आगाऊ भरला की व्याज टळतं. शिवाय धंद्यासाठी मशीन घेतलं तर त्याच्या झिजेपोटी कमाईतून रक्कम वजा होते. अर्धं वर्ष सरायच्या आत घेऊन चालू केलं तर वर्षाची पूर्ण, नंतर घेतलं तर निम्मी. हे तिने पुन्हा एकदा विचारून घेतलं. मशीन तर हवंच होतं. आता त्याला मुदत मिळाली.

मुदत जवळ आली तेव्हा धुलाई कारखान्याच्या मोटरी एकदम आल्या. त्या वेळेत दिल्या की मशीनचे पैसे जमत होते, थोडे कमी. व्यापाऱ्याने नेमकं हेरलं. एवढ्या तारेचं बिल नको म्हणा, तो म्हणाला, कमी पडतंय ते इथेच सुटेल. दीर लगेच विरघळला.

"वहिनी, एकदाच. कोण बघतंय?"

"गेल्या वर्षीही कोणी बघत नव्हतं. मशीन गेलं ते मात्र अख्ख्या गल्लीने बघितलं." मग ती व्यापाऱ्याकडे वळली. "बिल फाडा, नाहीतर तार उचला."

त्याने कुरकुरत बिल फाडलं. मग उरलेले पैसे आणायचे कुठून, दिराने तणतणत विचारलं.

"याच दुकानातून, भाऊजी. जुनं तांबं उपसायला आपण बाहेर मजुरी देतो. ती वाचवायची. पहाटे पाचला या, म्हणजे दिसेल."

दुसऱ्या दिवशी तो आला. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. छिन्नी घेऊन बसला आणि तांबं उपसू लागला. पहिल्या दिवशी अंगठ्यावर हातोडी बसली. तिने चिकटपट्टी पुढे सरकवली. पुढे तोही कमी बोलू लागला, आणि मोटरी वेळेत गेल्या.

अर्धं वर्ष सरायच्या आत मशीन आलं आणि त्याच संध्याकाळी चालू झालं. बिलावर दुकानाचं नाव होतं. कराचा हप्ता त्या वेगळ्या खात्यातून आधीच गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती सातला आली. शटर वर होतं. दिराला पाचची सवय लागली होती.

"काय वहिनी, आज उशीर?"

तिने मशीनवर तार चढवली.

"उशीर कसला. हे दोन तास माझेच होते. पैसे मोजून परत घेतलेत."