लिंबावरची कपबशी

मी दूध सोसायटीची सभासद झाले ती म्हशीमुळं. म्हैस माझ्या माहेरची, माझ्या नावावरची, म्हणून सोसायटीचा शेअरही माझ्याच नावावर. त्यामुळं मला मत होतं. ते कुणाला द्यायचं हे बाईला विचारायची मात्र आमच्या गावात रीत नव्हती.

त्या दुष्काळाच्या वर्षी आमच्या मालकांना संचालक व्हायची हुक्की आली. आमच्या आळीतून एकच जागा, अन् उभे दोघं. गावचा आड कोरडा पडलेला. मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर घागर आणावी लागायची. अन् दारात रोज पंधरा-वीस माणसं. "वैनी, च्या टाका!" टाका म्हणं! च्या काय आभाळातून गळतोय? पाणी मी आणायचं अन् पुढारी ह्यांनी व्हायचं.

बरं, पिणाऱ्यांना बोलताना जोर एवढा, की कप आदळायचे. कुणी कान मोडायचा, कुणी बशीचा टवका उडवायचा. टाकून देणं माझ्या जिवावर येतं. त्यात उन्हानं चिमण्या अंगणात धपकन पडायला लागल्या. मला रडूच यायचं. मग मी फाटक्या पोत्याची सुतळी उसवली, तिची शिंकी वळली, शिंक्यात बशी अन् बशीत कान तुटका कप. कपात भाजी धुतलेलं पाणी, बशीत जात्याभोवती सांडलेल्या कण्या. अशी सात-आठ शिंकी दारातल्या कडुलिंबाला टांगली. दोन दिवसांत चिमण्यांची अशी गर्दी, की ह्यांच्या सभेला नसंल.

अन् मग तालुक्याला, कळंबला, निशाण्या वाटल्या. ह्यांना मिळाली छत्री. पावसाचा थेंब न्हाई अन् छत्री! गाव पोट धरून हसलं. समोरच्या उमेदवाराला मिळाली कपबशी.

हे कळंबहून येष्टीनं आले, पिशवी हातातच, अन् लिंबाकडं बघून जागीच थांबले.

"हे काय गं?"

"चिमण्यांचं दाणापाणी."

"माझ्याच दारात माझ्या दुश्मनाचा प्रचार? काढ सगळं!"

काढलं. एक सोडून. त्या एका कपाच्या तोंडावर होल्याच्या जोडीनं, कबुतरासारखं ते बारकं पाखरू, चार काड्या टाकून घरटं केलं होतं अन् होलीनं दोन अंडी घातली होती. मी खोडाला पाठ लावून उभी राहिले. म्हणलं, "हात लावून बघा! निवडणूक पाच वर्षांनी परत येती. ह्या जिवांचं काय?"

ह्यांचाही हात काही पुढं झाला न्हाई. मग त्यांनी डोकं चालवलं. आपली काळी छत्री आणली, उघडली अन् घरट्याच्या वरच्या फांदीला बांधली. म्हणाले, "आता कळंल घर कुणाचं ते."

दुपारपर्यंत गावभर झालं : छत्रीखाली कपबशी, म्हंजे दोघांचा समझोता झाला! समोरचा उमेदवार तावातावानं दारात आला. "मला न विचारता समझोता करता व्हय?" ह्यांनी वर बोट दाखवलं. तो बघतो तर होली अंड्यावर बसलेली. गडी हसत हसत ओट्यावरच बसला. अन् मग त्यालाही च्या! माझ्याच घागरीतला!

पण ह्यांना घोर लागला. समझोत्याच्या बातमीनं आपली माणसं फुटली तर? म्हणून महादेवाचा बेल अन् भंडारा ताटात घेऊन घरोघर फिरले. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द आमच्याकडं कुणी मोडत न्हाई. मोडला तर वाटोळं होतं. एकेकाला उचलायला लावला. शेवटी ताट घेऊन घरी आले. मी हात पुसून पुढं झाले, तर म्हणाले, "घरातल्या मताला कशाला? तू वीस कप च्या ठेव."

माझं डोकं असं फिरलं म्हणता!

मतदानादिवशी शाळेत गेले. कागदावर वर छत्री, खाली कपबशी. रोज वीस कप, पाच वर्षं. घागरीनं मान आधीच अवघडली होती. शिक्का मारला अन् बाहेर आले.

हे एका मतानं पडले.

हे घरी आले तर मागं एक माणूस न्हाई. त्यांचं उतरलेलं तोंड बघितलं. म्हणलं, काय करून बसले मी! ते जेवले न्हाईत.

सकाळी लिंबाखाली उभे होते. घरट्यात दोन पिल्लं चोची उघडून बसलेली. त्यांनी बाकीची शिंकी परत फांद्यांना टांगली. एकेका बशीत कण्या टाकत म्हणाले, "सगळ्यांनी बेलभंडारा उचलला होता. एकही फुटणार नव्हता."

मी जोंधळे पाखडत होते. मान खाली.

"एकाच हातात द्यायचा राहिला," ते म्हणाले.

सूप माझ्या हातात तसंच राहिलं. ते आत गेले, रिकामी घागर उचलली, खांद्यावर घेतली, अन् मळ्याच्या वाटंला लागले.